स्तनलघुकरण शस्त्रक्रिया
प्रमाणाबाहेर वाढलेल्या स्तनांतील जादा ग्रंथी-ऊतक, चरबी व त्वचा काढून टाकून त्यांचा आकार व भार कमी करणारी प्लॅस्टिक शस्त्रक्रिया. मान, खांदे व पाठ यांचे सततचे दुखणे, अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांमुळे खांद्यांवर पडणारे खोल वळ आणि स्तनांखालील घडीत वारंवार उठणारे पुरळ ही तिची प्रमुख कारणे होत. अशा तक्रारी असणाऱ्या बहुतेक स्त्रियांना तिच्यामुळे आराम पडतो. म्हणून तिला केवळ सौंदर्योपचार मानणे योग्य नाही. तथापि व्रण फिके झाले, तरी कायम राहतात. स्तनाग्राची संवेदना व स्तनपानाची क्षमता कमी होण्याचा संभव असतो. शरीराची वाढ पूर्ण झालेली नसल्यास, वजन स्थिर नसल्यास किंवा नजीकच्या काळात अपत्य हवे असल्यास शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणे सामान्यतः इष्ट असते. कारण वाढीमुळे, वजनातील बदलामुळे किंवा गर्भारपणामुळे स्तनांचा आकार पुन्हा बदलू शकतो. तंबाखूमुळे त्वचेचा रक्तपुरवठा घटून जखम भरण्यास अडथळा येतो. त्यामुळे तिचे सेवन काही आठवडे आधीच थांबवावे लागते. इतरांच्या टीकेपेक्षा स्त्रीचा स्वतःचा त्रास व तिच्या अपेक्षा यांवर निर्णय आधारलेला असावा.