हवेचे पाट

विहिरीवर नवा पंप बसवला. पैसे गेले. पण शेताकडे जाणारा पाट जुनाच. कुठे उंदरांनी बिळे केलेली, कुठे कड ढासळलेली. शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. दोष कुणाचा? पंपाचा की पाटाचा?

हे आम्हाला आठवले ते अमेरिकेत. आमचा मुलगा तिकडे मिशिगन राज्यात असतो. एका हिवाळ्यात आम्ही उभयता त्याच्याकडे राहायला गेलो होतो. तिथली थंडी शेकोटीने भागणारी नव्हे. बाहेर पाण्याचा दगड होतो. म्हणून बहुतेक घरांत गॅसची भट्टी असते. भट्टी हवा तापवते. पंखा ती हवा पत्र्याच्या नळांतून खोल्यांत ढकलतो. गार झालेली हवा दुसऱ्या नळाने भट्टीकडे परत येते. हे नळ भिंतींत, तळघरात नाहीतर माळ्यावर लपलेले असतात. त्यांना डक्ट म्हणतात. आपण त्यांना हवेचे पाट म्हणू.

मुलाने भट्टी काढून हीट पंप बसवला. हा पंप काही जाळत नाही. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणतो. गार हवेत कसली आली उष्णता, असे तुम्ही म्हणाल. पण असते थोडी. फ्रीज आतली उष्णता काढून बाहेर टाकतो ना? त्यातलाच हा प्रकार. उन्हाळ्यात हाच पंप उलटा चालतो आणि घर गार करतो. एक भाग वीज खर्चली की दोन-तीन भाग उष्णता मिळते. कडाक्याच्या थंडीत मात्र कमी.

पंप चालू झाला. पण नातवाच्या खोलीत गारठा तो गारठाच. सूनबाई रात्री उठून त्याच्या अंगावर दुसरे पांघरूण घाली. पोराला खोकला झाला. यंत्रच वाईट, असे आम्ही ठरवून टाकले.

मग एक जाणता कारागीर आला. त्याने यंत्र पाहिले, पण जास्त वेळ नळच मोजले. भट्टीतून येणारी हवा 50 अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही गरम असते. हीट पंपाची असते साधारण 35 ते 40 अंश. हाताला ती कोमटच लागते. अशा हवेने तेवढीच ऊब द्यायची तर हवा जास्त सोडावी लागते. जास्त पाण्याला पाट रुंद लागतो, तसेच हे. नळ अरुंद असला की हवा तुंबते, घोंघावते आणि पंख्यावर ताण येतो. मुलाच्या घरी परतीचा नळ फारच लहान निघाला.

दुसरी गोष्ट गळतीची. अमेरिकेच्या सरकारी माहितीप्रमाणे साधारण घरात नळांतल्या 100 भाग हवेपैकी 20 ते 30 भाग वाटेतच गळून जाते. नातवाच्या खोलीचा नळ तर माळ्यावर सांध्यातच निखळला होता. ऊब माळ्याला आणि गारठा पोराला!

आमचीही एक चूक तिथे उघडी पडली. आम्ही पडलो काटकसरी. रिकाम्या खोल्यांत ऊब कशाला, म्हणून तिथल्या जाळ्या आम्ही बंद केल्या होत्या. कारागीर हसला. म्हणाला, तोंडे बंद केली की हवा नळातच कोंडते आणि फटींतून जास्त गळते. आम्ही मुकाट्याने जाळ्या उघडल्या.

कारागिराने निखळलेला सांधा जोडला. सगळ्या सांध्यांना घट्ट लुकण फासले. कापडी चिकटपट्टी नको म्हणाला, ती काही काळाने वाळून सुटते. माळ्यावरच्या नळांना काचेच्या लोकरीचे वेष्टण घातले. परतीचा नळ रुंद केला. नळ अगदीच निकामी असतील तर खोलीत भिंतीवर बसणारे, नळाशिवाय चालणारे यंत्रही मिळते. पण इथे त्याची गरज पडली नाही.

हे सारे यंत्र घेण्याआधी तपासायचे असते. प्रत्येक खोलीला किती ऊब लागते आणि नळांतून किती हवा जाते, हा हिशेब आधी. यंत्र केवढे घ्यायचे ते मग ठरते. मुलाने उलटे केले, म्हणून खर्च दोनदा झाला.

पुढच्या आठवड्यात शेजारी आला. त्यालाही हीट पंप घ्यायचा होता. मुलाने यंत्राची किंमत सांगितलीच नाही. हातात बॅटरी दिली आणि आधी त्याला त्याच्याच घराच्या माळ्यावर चढवले.