आधी रक्ताच्या वाटांचा नकाशा

'मेंदूत एव्हीएम आहे' असं डॉक्टरांनी सांगितलं की घरातले हबकतात. हे काय असतं आणि उपचाराआधी एवढ्या तपासण्या कशाला, ते आज समजून घेऊ.

आपल्या पावसच्या बागेत पाणी पाटातून येतं, आळ्यांत जिरतं, उरलेलं वहाळाला मिळतं. रक्ताचंही तसंच. धमनी रक्त आणते, केसाहून बारीक वाहिन्यांत त्याचा जोर ओसरतो, मग शीर ते परत नेते. एव्हीएममध्ये या मधल्या बारीक वाहिन्याच नसतात. धमनीतलं जोरदार रक्त थेट शिरेत घुसतं. तिथे गुंता होतो, कधी तो फुटतो. उपचार न केल्यास रक्तस्रावाचा धोका वर्षाला साधारण २ ते ४ टक्के असतो.

शस्त्रक्रिया आणि किरणोपचाराशिवाय आणखी एक उपचार आहे. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि गोंदासारखं औषध सोडून गुंता बुजवतात.

पण धमन्यांची ठेवण सगळ्यांची सारखी नसते. नळपाणी योजनेत एका वाडीची लाइन बंद केली आणि तिच्यावरूनच दुसऱ्या वाडीला फाटा गेलेला असला, तर तिथलेही नळ कोरडे पडतात. डोळ्याची धमनी सहसा मेंदूला जाणाऱ्या मोठ्या धमनीतून निघते. काही जणांत मात्र ती मेंदूच्या आवरणाच्या धमनीतून निघते. आवरणातला गुंता बुजवताना औषध त्या फाट्यात गेलं, तर त्या डोळ्याची दृष्टी जाऊ शकते.

म्हणून आधी अँजिओग्राफी करतात. धमनीत रंगद्रव्य सोडून एक्स-रेवर रक्ताच्या वाटा बघतात. १९२७ साली पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी मेंदूची अशी चित्रं प्रथम काढली. सीटी, एमआरआय झालं तरी ही तपासणी लागू शकते. तिला वायफळ खर्च समजू नये.

डॉक्टरांना निःसंकोच विचारा: ही धमनी आणखी कुठे रक्त पुरवते? डोळा, बोलणं, हातपाय यांना धोका किती? उपचार न करता लक्ष ठेवलं तर चालेल का? गरोदरपण, मूत्रपिंडाचा आजार, औषधांची अॅलर्जी असेल तर आपणहून सांगा.

आणि अचानक असह्य डोकेदुखी, फिट, वाकडं तोंड किंवा अर्ध्या अंगाची शक्ती जाणं, यातलं काहीही दिसलं तर कांदा, चप्पल हुंगवत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.