मारू की सोडू?

कापूस वेचून झाला, तुरीची खळी आटोपली, की मंठ्यात क्रिकेटचा खरा हंगाम सुरू होतो. टेनिसचा चेंडू, आठ षटकांचा सामना, आणि सीमारेषेवर बसलेले पन्नास सल्लागार! फलंदाजाने लागोपाठ तीन चेंडू नुसते अडवले, की ओरडा होतो, "अरे हाण की! आठच षटकं आहेत!" बिचारा पुढच्या चेंडूवर बॅट फिरवतो आणि त्याचा त्रिफळा उडतो. मान खाली घालून तो परत येतो, तेव्हा तीच मंडळी म्हणतात, "कशाला घाई केलीस? जरा टिकून खेळायचं की!"

यातला कोणता सल्ला बरोबर? संयम आणि आक्रमण हे आपण माणसाचे स्वभाव समजतो. अमका मुलगा शांत डोक्याचा, तमका उतावळा, असे आपण सहज म्हणून जातो. पण फलंदाजीपुरते बोलायचे तर हा प्रश्न स्वभावाचा कमी आणि वेळेचा व गणिताचा जास्त आहे. कसा, ते पाहू.

प्रथम वेळ मोजू. क्रिकेटच्या दोन टोकांच्या क्रीझमधले अंतर ५८ फूट, म्हणजे १७.६८ मीटर असते. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. भागाकार केला, की उत्तर येते ०.४५ सेकंद. टप्प्यावर चेंडूचा वेग थोडा कमी होतो, म्हणून आपण अर्धा सेकंद धरू. आता बेसबॉल पाहा. तिथे चेंडू फेकणारा पिचर ६० फूट ६ इंच अंतरावर उभा असतो आणि चेंडू ताशी १५० किलोमीटरने येतो. वेळ येते ०.४४ सेकंद. आपल्याकडच्या शालेय क्रीडास्पर्धांत सॉफ्टबॉल खेळला जातो. त्याच्या महिलांच्या सामन्यांत हे अंतर ४३ फूट, म्हणजे १३.१ मीटर असते. ताशी १०० किलोमीटरचा चेंडू धरला, तर वेळ ०.४७ सेकंद! खेळ तीन, अंतरे तीन, वेग तीन. पण फलंदाजाच्या हाती येणारा वेळ जवळजवळ सारखाच. याहून जास्त वेळ मिळाला असता तर खेळ फलंदाजाला फार सोपा झाला असता, आणि याहून कमी मिळाला असता तर तो खेळताच आला नसता.

हा अर्धा सेकंदही पुरता त्याच्या मालकीचा नसतो. बॅट फिरवायलाच सुमारे ०.१५ सेकंद लागतात. शिवाय डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मेंदूपर्यंत जाऊन हातापायांना हुकूम सुटायला वेळ लागतो. तो किती, हे तुम्ही वर्गातच मोजू शकता.

मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. तिच्या शून्याच्या खुणेजवळ आपला अंगठा आणि तर्जनी किंचित उघडी ठेवा. मित्र न सांगता पट्टी सोडील, ती तुम्ही पकडा. पट्टी किती सेंटिमीटर घसरली ते वाचा. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूचे सूत्र तुम्हांला माहीत आहेच; त्याप्रमाणे १५ सेंटिमीटर म्हणजे ०.१७ सेकंद, २० सेंटिमीटर म्हणजे ०.२० सेकंद आणि २५ सेंटिमीटर म्हणजे ०.२३ सेकंद. बहुतेकांचे उत्तर ०.२ सेकंदाच्या आसपास येते.

खरी गंमत पुढे आहे. आता मित्राच्या दोन्ही हातांत दोन पट्ट्या द्या आणि त्यांच्याखाली तुमचे दोन्ही हात ठेवा. मित्र एकच पट्टी सोडील. कोणती ते सांगणार नाही. जी पडेल तीच पकडायची, दुसरा हात मिटायचा नाही. दहा वेळा करून सरासरी काढा. पट्टी पहिल्यापेक्षा जास्त घसरते, आणि कधी कधी तर हातातून निसटतेच! एकच काम करायचे असेल तर मेंदू झटपट हुकूम देतो; दोहोंतून एक निवडायचे असेल तर उशीर होतो. हा निवडीचा उशीर डोंडर्स या डच शास्त्रज्ञाने १८६८ मध्येच मोजला होता. पुढे १९५२ मध्ये हिक या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने दाखवले, की पर्याय जितके अधिक तितका हा उशीर वाढतो.

आता फलंदाजाच्या जागी स्वतःला उभे करा. ड्राइव्ह मारू, कट मारू, अडवू की सोडू? चारही दारे उघडी ठेवून तो उभा राहिला तर अर्धा सेकंद दारे मोजण्यातच जाईल. म्हणून चेंडू येण्यापूर्वीच काही दारे बंद करून ठेवावी लागतात. ज्याला आपण संयम म्हणतो तो बव्हंशी हाच: कोणत्या चेंडूला हात लावायचा नाही, हे आधी ठरवून ठेवणे.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण २००४ च्या जानेवारीत सिडनीला पाहायला मिळाले. त्या मालिकेत सचिन तेंडुलकर ऑफ यष्टीबाहेरच्या चेंडूवर ड्राइव्ह मारताना बाद होत होता. सिडनीच्या कसोटीत त्याने कव्हर ड्राइव्ह हा आपला लाडका फटका जवळजवळ बंदच केला. चेंडू ऑफ यष्टीबाहेर पडला की तो सोडून द्यायचा, अंगावर आला की लेगला वळवायचा. तो ४३६ चेंडू खेळला आणि २४१ धावांवर नाबाद राहिला! त्यांत ३३ चौकार होते. म्हणजे हा संयम धावा न काढण्यासाठी नव्हता. एक दार बंद केल्यामुळे उरलेल्या दारांतून त्याला वेळेवर जाता येत होते.

बेसबॉलमध्ये हीच गोष्ट टेड विल्यम्स या बॉस्टन रेड सॉक्स संघाच्या खेळाडूने जवळजवळ शास्त्र म्हणून मांडली. बेसबॉल आणि सॉफ्टबॉलमध्ये फलंदाजासमोर एक काल्पनिक चौकट असते. चौकटीतला चेंडू सोडला तर 'स्ट्राइक'. असे तीन झाले की बाद. चौकटीबाहेरचे चार चेंडू सोडले तर पहिला बेस फुकट. म्हणजे तिथे चेंडू सोडण्याला रीतसर मोबदला आहे! विल्यम्सने ही चौकट चेंडूच्याच आकाराच्या ७७ जागांत विभागली. रुंदीत ७ चेंडू, उंचीत ११ चेंडू. मधल्या, सोयीच्या जागी आलेला चेंडू मारला तर आपल्याला हजारांत ४०० वेळा यश येईल आणि बाहेरच्या खालच्या कोपऱ्यातल्या चेंडूवर २३० वेळाच, असा त्याचा अंदाज होता. माणूस तोच, ताकद तीच, बॅटही तीच. फक्त चेंडूची निवड बदलली तर एवढा फरक! म्हणून मनाजोगत्या जागी चेंडू येईपर्यंत तो थांबायचा आणि आला की जीव ओतून मारायचा. त्याला संयमी म्हणावे की आक्रमक? १९४१ च्या हंगामात त्याचे यश हजारी ४०६ होते. शेवटच्या दिवसाआधी ही सरासरी ४०० वर जेमतेम टेकलेली होती आणि तो घरी बसला असता तरी चालले असते. त्या दिवशीचे दोन्ही सामने तो खेळला आणि आठांपैकी सहा वेळा यशस्वी झाला.

आता मंठ्याकडे परत येऊ. आपली जमीन काळी. ज्वालामुखीच्या बेसाल्ट खडकापासून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते. ते पाण्याने फुगते आणि वाळले की आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात शेताला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर चेंडूचा टप्पा पडला, की तो कुठे वळेल याचा भरवसा नाही.

विशेष म्हणजे ऑक्सफर्डच्या पीटर मॅक्लाउड यांनी हीच परिस्थिती मुद्दाम तयार केली होती. त्यांनी मॅटिंगखाली लाकडी काठ्या लपवल्या आणि यंत्राने चेंडू टाकले. टप्पा काठीवर पडला की चेंडू डावीकडे किंवा उजवीकडे उडायचा. समोर वरच्या दर्जाचे फलंदाज होते. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की टप्प्यानंतर सुमारे ०.२ सेकंद जाईपर्यंत एकाही फलंदाजाची बॅट दिशा बदलत नव्हती. तुमच्या पट्टीच्या प्रयोगातला आकडा आणि हा आकडा एकच आहे! नामवंत खेळाडूचे शरीर आपल्यापेक्षा फार वेगवान असते असे नाही. त्याची नजर मात्र शहाणी असते. मॅक्लाउड आणि मायकेल लँड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल टिपली, तेव्हा दिसले की फलंदाज चेंडूच्या मागे नजर फिरवत राहत नाही. सुरुवातीची झेप पाहून तो टप्पा जिथे पडणार तिथे आधीच नजर नेऊन ठेवतो. आणि चांगला फलंदाज हे काम कच्च्या फलंदाजाच्या आधी उरकतो.

'गुड लेंग्थ' इतकी का सतावते, ते यावरून उमजेल. टप्प्यानंतर चेंडूचा वेग सेकंदाला ३३ मीटर धरा. टप्पा बॅटपासून ४ मीटरवर पडला तर हाती ०.१२ सेकंद उरतात, म्हणजे काहीच करता येत नाही. ८ मीटरवर आखूड पडला तर ०.२४ सेकंद मिळतात. बॅट कशीबशी वळवता येते. आणि अगदी पायाजवळ पडला तर चेंडूला वळायलाच जागा नसते. म्हणून भेगाळलेल्या मैदानावर नुसते जागेवर उभे राहून अडवत बसणे सुरक्षित वाटले तरी ते तसे नसते. पाय पुढे टाकून टप्प्यावरच चेंडू गाठणारा मुलगा दिसायला धाडसी दिसतो. प्रत्यक्षात कमी धोका तोच पत्करत असतो.

राहिले गणित. समजा, एक फलंदाज जपून खेळताना १०० चेंडूंत एकदा बाद होतो आणि चेंडूमागे ०.३ धाव काढतो. आक्रमकपणे खेळताना तोच २५ चेंडूंत एकदा बाद होतो, पण चेंडूमागे १.२ धावा काढतो. (हे आकडे मी हिशेबासाठी धरलेले आहेत.) गुणाकार करा. बाद होईपर्यंत दोन्ही तऱ्हांनी ३० च धावा! मग फरक कुठे पडतो? चेंडू किती शिल्लक आहेत, यात. आठ षटकांचे चेंडू ४८. जपून खेळल्यास १४ धावा, आक्रमकपणे खेळल्यास ५७ धावा आणि बाद जेमतेम दोन. उरलेले सात गडी पॅड बांधून बसून राहिले, त्यांचा काही उपयोग झाला नाही. तेव्हा सीमेवरची पहिली आरोळी अगदीच चुकीची नसते.

हा हिशेब खऱ्या सामन्याला लावून पाहा. ७ जून १९७५ ला लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाचा सामना झाला. इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ धावा केल्या. भारताने ३६० चेंडूंत ३ बाद १३२ केल्या. सुनील गावसकर १७४ चेंडू खेळून ३६ धावांवर नाबाद राहिले. आपला 'जपून' हिशेब ३६० चेंडूंना लावला तर १०८ धावा आणि तीन-चार बाद असे उत्तर येते. किती जवळचे! 'आक्रमक' हिशेब लावला तर २५० चेंडूंत सर्व बाद ३०० येते. हार दोन्हींकडे आहेच. पण सात गडी हाताशी ठेवून २०२ धावांनी हरणे म्हणजे दाणे कणगीत ठेवून उपाशी राहणे.

या एका डावावरून गावसकरांना संथ म्हणणाऱ्यांनी त्यांचे १९८७ साल पाहावे. मार्चमध्ये बंगळूरच्या कसोटीत चेंडू हातभर वळत होता. पाकिस्तानविरुद्ध शेवटच्या डावात त्यांनी पाच तासांहून अधिक वेळ खेळून ९६ धावा केल्या. भारत १६ धावांनी हरला, तरी तो डाव आजही आठवला जातो. तिथे चेंडू भरपूर होते, गडी मोलाचे होते. ३१ ऑक्टोबरला नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकाचा सामना होता. गटात पहिले येण्यासाठी नुसते जिंकून भागणार नव्हते, लवकर जिंकायचे होते. अंगात ताप असताना त्यांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांतले त्यांचे हे एकमेव शतक. भारताने ३२.१ षटकांत १ बाद २२४ केल्या. म्हणजे चेंडूमागे १.१६ धावा. आठ महिन्यांत माणसाचा स्वभाव बदलला नव्हता. चेंडूची आणि गड्याची किंमत बदलली होती.

आपल्या जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये कूचबिहार करंडकाच्या सामन्यात महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या, त्याही ४६७ चेंडूंत! पुढे २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. या डावाला संयमी म्हणाल की आक्रमक, यावर वर्गात वाद घालून पाहा.

पण वाद घालण्यापूर्वी आकडे जमवा. आपल्या शाळेच्या पुढच्या चार सामन्यांत एकाने वही घेऊन बसावे. प्रत्येक चेंडूसमोर तीनपैकी एक खूण करावी: मारला, अडवला, सोडला. पुढे धावा आणि बाद लिहावे. मी वर धरलेल्या आकड्यांच्या जागी तुमच्या मैदानाचे आकडे घाला. ते बहुधा निराळे येतील, कारण आपल्या भेगाळ जमिनीवर अडवतानाही गडी बरेच बाद होतात. मॅक्लाउड यांचा प्रयोगही जमण्यासारखा आहे. जुन्या चटईखाली तुरीच्या सरळ काड्या चेंडूच्या दिशेला समांतर ठेवायच्या आणि फलंदाजाला त्यांची जागा सांगायची नाही. चेंडू मात्र टेनिसचाच घ्या, आणि टाकणाऱ्याने हात जरा आवरता ठेवावा.