हात थरथरतो, तरी मोबाइल दुरुस्ती

सेरेब्रल पाल्सीमुळे हातांचा ताळमेळ बिघडलेल्या कारागिराची खरी कसोटी स्क्रूंपाशी लागते. आयफोनच्या आतले स्क्रू दिसायला सारखेच, पण लांबीला वेगळे. आखूड स्क्रूच्या जागी लांब पिळला की बोर्डाच्या आतले ट्रॅक तुटू शकतात. म्हणून चुंबकीय मॅटवर फोनची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्याच जागी ठेवावा. फोन होल्डरमध्ये घट्ट बसवावा, मनगट टेबलावर टेकवावं. सुरुवात डिस्प्ले बदलण्यापासून करावी. बारीक सोल्डरिंग जोडीदाराकडे द्यावं, त्यात कमीपणा कसला? बॅटरी काढताना मात्र टोकदार हत्यार नकोच. ती भोसकली तर पेट घेऊ शकते.

भांडवलासाठी: ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त व विकास महामंडळाच्या सवलतीच्या कर्जासाठी अर्ज करता येतो.