ओळखीच्या नावानं येणारं दुखणं

दारावरची बेल वाजली की आपण आधी साखळी लावून फटीतून पाहतो. माणूस अनोळखी असेल तर चार प्रश्न विचारतो. पण मावशी किंवा वहिनी दिसली, की साखळी आपोआप निघते. ईमेलमधून पसरणारे संगणकाचे व्हायरस नेमका याचाच फायदा घेतात. ते चोर म्हणून येत नाहीत, मावशीचं नाव सांगून येतात! म्हणून मैत्रिणींनो, ‘अनोळखी माणसाचं पत्र उघडू नका’ हा नेहमीचा सल्ला चांगला असला तरी पुरेसा नाही.

एक जुनं उदाहरण पाहा. ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधल्या मनिला शहरातून निघालेलं एक पत्र एका दिवसात जगभर पोहोचलं. विषय होता ‘आय लव्ह यू’, आणि सोबतच्या फाइलचं नाव होतं ‘तुझ्यासाठी प्रेमपत्र’ अशा अर्थाचं. पत्र ओळखीच्या माणसाचं, मग उघडून पाहावंसं वाटणारच की! नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी’ दिसे, म्हणजे साधा मजकूर. पण त्यापुढे ‘व्हीबीएस’ असं आणखी एक शेपूट होतं. ते प्रोग्रॅमचं शेपूट, आणि विंडोज ते सहसा लपवून ठेवी. फाइल उघडली, की आउटलुकमधल्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना तेच पत्र त्या बिचाऱ्या मालकाच्या नावानं जाई. वर संगणकातल्या फोटोंच्या फाइलींवर व्हायरस स्वतःची नक्कल लिहून टाकी. बाळाच्या बारशाचे फोटो असोत की सासूबाईंच्या पंच्याहत्तरीचे, दुसरी प्रत नसेल तर गेले ते गेलेच.

पुढे ही लबाडी आणखी बारीक झाली. २०१४ पासून पसरलेला ‘इमोटेट’ नावाचा व्हायरस लोकांची जुनी पत्रं चोरून त्यांनाच उत्तर आल्यासारखं दाखवू लागला. म्हणजे नाव ओळखीचं, विषयही तुमचाच! जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचं जाळं मोडलं, तरी त्याच वर्षी नोव्हेंबरात तो पुन्हा उगवला.

उघडण्यापूर्वी

पत्रासोबत फाइल किंवा लिंक आली, की आधी मनाशी विचारा, ‘हे मी मागितलं होतं का?’ नसेल, तर पाठवणाऱ्या व्यक्तीला सरळ फोन करा. त्याच पत्राला उत्तर देऊन विचारू नका. तिचं खातंच चोराच्या हाती असेल, तर ‘हो, मीच पाठवलंय’ असं उत्तर तोच देईल!

नुसत्या नावावर जाऊ नका, नावामागचा पूर्ण पत्ता पाहा. नाव काय, कुणीही कुणाचंही लावतो. फाइलच्या शेपटाकडेही लक्ष असू द्या. ‘ईएक्सई’, ‘जेएस’, ‘व्हीबीएस’ अशी शेपटं घरगुती पत्रात येण्याचं कारणच नाही. मोबाइलवर लग्नाची पत्रिका म्हणून ‘एपीके’ फाइल आली, तर ती पत्रिका नव्हेच. वर्ड किंवा एक्सेलचा कागद ‘मजकूर दिसण्यासाठी एनेबल कंटेंट दाबा’ असं सांगू लागला, तर तिथेच थांबा. आणि संगणक व मोबाइल अपडेट मागतात तेव्हा ‘नंतर’ म्हणून टाळू नका. त्यात भोकं बुजवलेली असतात.

उघडलीच फाइल, तर?

सर्वांत मोठं नुकसान होतं ते गप्प बसल्यानं. ‘घरातले हसतील, रागावतील’ म्हणून पुष्कळ जणी सांगतच नाहीत आणि तेवढ्या वेळात व्हायरस आपलं काम उरकतो. यात लाजण्यासारखं काय आहे, सांगा बरं? मोठमोठ्या कचेऱ्यांतले साहेबही फसले आहेत.

ताबडतोब वायफाय बंद करा, इंटरनेटची वायर असेल तर ती काढा. मग दुसऱ्या, चांगल्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला. पत्त्यांच्या यादीतल्या लोकांना फोन करून सांगा, ‘माझ्या नावानं काही आलं तर उघडू नका.’ त्यानंतर अँटिव्हायरसनं संगणक पूर्ण तपासून घ्या. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’नं यासाठी मोफत साधनं दिलेली आहेत. आणि खात्यातून पैसे गेले असतील, तर पाचदहा जणांचा सल्ला घेत बसू नका, लगेच १९३० हा क्रमांक फिरवा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

दोन बरण्यांचा नियम

वर्षाचं लोणचं आपण एकाच बरणीत भरत नाही. एकीला बुरशी लागली तरी दुसरी शाबूत राहते. फोटो आणि महत्त्वाचे कागद यांचंही तसंच करा. एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं, की ती डिस्क काढून कपाटात ठेवा. सतत जोडून ठेवलीत, तर पहिल्या बरणीची बुरशी दुसरीत गेलीच म्हणून समजा. अँटिव्हायरस संगणक साफ करील हो, पण पुसले गेलेले फोटो तो परत आणून देणार नाही. तेव्हा या रविवारी दुपारची आवराआवर झाली, की एवढं काम उरकूनच घ्या.