बिनतारी जाळ्यातील घटनांची नोंद : ‘आयडब्ल्यू इव्हेंट’ या आज्ञेविषयी

रात्रभर चाललेल्या मापनात सकाळी विदेची एखादी पोकळी आढळते, तेव्हा दोष संवेदकाचा की संगणकाच्या बिनतारी संबंधाचा, हे ठरविणे प्राप्त असते. त्या मापनाची ग्राह्यताच त्यावर अवलंबून असते. पडद्याच्या कोपऱ्यातील वायफायचे चिन्ह केवळ वर्तमान अवस्था दर्शविते, इतिहास नव्हे. दर पाच सेकंदांनी अवस्था विचारणारी आज्ञावली लिहिली, तरी दोन सेकंदांचा खंड तिच्या हातून सहज निसटतो. म्हणून विचारीत बसण्यापेक्षा ऐकत बसणे श्रेयस्कर.

लिनक्स प्रणालीत अशा श्रवणाची सोय आहे. कर्नल आणि इतर आज्ञावली यांच्यातील संदेशवहन ‘नेटलिंक’ या मार्गाने होते, आणि बिनतारी विभागाचे संदेश त्यावरून ‘एनएल८०२११’ या परिभाषेत पाठविले जातात. हे संदेश विशिष्ट गटांना उद्देशून प्रसृत होतात. शोधमोहिमेचा एक गट, जोडणी व विच्छेद यांचा दुसरा, देशपरत्वे लागू होणाऱ्या लहरींच्या नियमांचा तिसरा. टर्मिनलमध्ये ‘आयडब्ल्यू इव्हेंट’ अशी आज्ञा दिली असता ती या गटांची श्रोती बनते व प्रत्येक घटना एकेका ओळीत छापते. ‘-टी’ हा पर्याय जोडल्यास ओळीपुढे वेळ येते. ही वेळ मात्र संदेश आज्ञेस मिळाल्याची असते, घटना घडल्याची नव्हे; मिलिसेकंदांचा हिशेब करणाऱ्याने हे विसरू नये.

ओळी वाचताना पहिली फसगत ‘ऑथ’ या शब्दाने होते. डब्ल्यूपीए-२ पद्धतीच्या जाळ्यात ही पायरी यशस्वी झाल्याची नोंद दिसते, म्हणून पासवर्ड बरोबर होता असे अनुमान विद्यार्थी काढतात. ते चुकीचे आहे. १९९७ च्या मूळ ८०२.११ मानकातील हा खुला प्रमाणीकरणाचा विधी आता निव्वळ औपचारिक उरला असून पासवर्डाची खरी परीक्षा त्यानंतरच्या चार संदेशांच्या देवाणघेवाणीत होते. त्यामुळे पासवर्ड चुकला असता प्रथम ‘ऑथ’, मग ‘असोक’, नंतर ‘कनेक्टेड’ अशा आश्वासक ओळी येतात, आणि काही क्षणांतच कारण क्रमांक १५ देऊन विच्छेद होतो. हा क्रमांक ती देवाणघेवाण मुदतीत पूर्ण न झाल्याचा निदर्शक होय. डब्ल्यूपीए-३ मध्ये ही परीक्षा प्रमाणीकरणाच्या टप्प्यावरच होते. ज्या कार्डांत जोडणीचे काम कार्डावरील फर्मवेअरच उरकते, तेथे पहिल्या दोन ओळी बहुधा दिसतच नाहीत.

कारण क्रमांक वाचताना विच्छेद कोणी केला हेही पाहावे लागते. क्रमांक ४ चा मानकातील अर्थ ‘निष्क्रियतेमुळे विच्छेद’. तो केंद्राकडून आला असेल, तर केंद्राने आपल्या संगणकास निष्क्रिय ठरविले आहे. पण त्याच क्रमांकाबरोबर ‘लोकल रिक्वेस्ट’ असे शब्द असतील, तर बहुधा आपल्याच संगणकास केंद्राचे बीकन ऐकू येईनासे झाले, चौकशीलाही उत्तर मिळाले नाही, आणि कर्नलने संबंध संपविला असा त्याचा अर्थ होतो. पहिल्या बाबतीत केंद्राची मांडणी तपासावी, दुसरीत अंतर, भिंती व लहरींतील गोंगाट. क्रमांक ५ आल्यास केंद्रावर जोडलेल्या यंत्रांचा भार त्यास पेलत नाही, असे समजावे.

तथापि हा क्रमांक म्हणजे शपथेवरील साक्ष नव्हे. मूळ मानकात विच्छेदाच्या फ्रेमला कोणतेच संरक्षण नव्हते. तिऱ्हाइताने केंद्राचा पत्ता वापरून खोटी फ्रेम पाठविली, तर संगणक ती खरी मानीत असे. २००९ च्या ८०२.११डब्ल्यू या दुरुस्तीने अशा फ्रेमना संरक्षण देण्याची तरतूद केली व डब्ल्यूपीए-३ ने ती अनिवार्य केली. परंतु ती तरतूद जेथे वापरात नाही, तेथे वारंवार येणाऱ्या विच्छेदांमागे खोडसाळपणाची शक्यता गृहीत धरावीच लागते.

या साधनास आपल्याच संगणकाचा अनुभव तेवढा कळतो. शेजारच्या यंत्रांवर काय गुदरले हे पाहावयाचे तर कार्ड मॉनिटर अवस्थेत ठेवून टीसीपीडंपसारख्या साधनाने हवेतील फ्रेमच पकडाव्या लागतात. शिवाय घटनांची गर्दी होऊन नेटलिंकचा राखीव साठा भरला, तर काही संदेश गळतात. म्हणून नोंदीत ओळ नाही एवढ्यावरून घटना घडलीच नाही असे न मानता, ही नोंद कर्नलच्या व डब्ल्यूपीए-सप्लिकंटच्या नोंदींशी वेळेनुसार ताडून पाहावी, आणि मगच संवेदकाकडे वळावे.