ठिपका नळीपासून किती वर?
झाशीच्या किल्ल्यातली ‘कडक बिजली’ तोफ १८५८च्या वेढ्यात गुलाम गौस खान डागत. जुन्या तोफा बहुधा मागे जाड, पुढे निमुळत्या. पाठीवरून नेम धरला की नळीचं तोंड आपसूक थोडं वर उचललेलं असे. नजर नळीच्या वरून जाते, ही अडचण रायफलीवरच्या रेड डॉटलाही (नेमासाठी काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटलाही) चुकलेली नाही. एआर घडणीच्या रायफलीवर ठिपका नळीच्या मध्यापासून साधारण ६६ मिलिमीटर वर असतो. ५० मीटरला नेम जुळवला, तर ५ मीटरवरच्या कागदावर भोक ठिपक्याच्या सुमारे ६ सेंटिमीटर खाली पडतं! हेल्मेट घालणाऱ्याच्या मानेला उंच माउंट (साइटची बैठक) बरा, पण गाल दस्त्यावरून सुटला की ठिपका शोधत बसावं लागतं. म्हणून आधी गाल टेकवून डोळा कुठे येतो ते पाहावं, माउंट त्यानंतर.